सहा पट्ट्या

“तुझ्या भावाच्या हातातनं वस्तू पडायला लागल्यात. एकदा दाखवून घ्या कुणाला तरी,” असं मशीनवाले काका तिला म्हणाले होते आणि तिने ते हसण्यावारी नेलं होतं. “काका, त्याच्या हातात कधी काय टिकलंय?” असं वर म्हणालीही होती. तेव्हा तिला सातवा महिना होता, पाय सुजलेले होते. बोलिंगच्या हॉलमागच्या त्या चिंचोळ्या बोळात पिना उभ्या करणारी यंत्रं सतत खडखडत असतात आणि दोन माणसांना ओरडूनच बोलावं लागतं. तिथे उभं राहणं तिच्या जिवावर आलं होतं. काका त्या यंत्रांची देखभाल करत. तीस वर्षं पिनांचा आवाज ऐकून त्यांचा एक कान गेला होता, त्यामुळे ते गुपितही गावाला दवंडी दिल्यासारखं सांगत. “किल्ल्या पडल्या, कप पडला, परवा बॉल पुसता पुसता पडला,” ते बोटांवर मोजत म्हणाले. “जन्माचा धांदरट आहे तो,” ती म्हणाली आणि बाथरूम शोधायला निघून गेली. हातात काही न टिकण्याचं ते वाक्य तिला इतकं आवडलं होतं, की घरी जाऊन तिने नवऱ्यालाही ऐकवलं. नवरा हसला होता. दादाच्या हातात खरंच काही टिकलं नव्हतं. चषक नाही, नोकरी नाही, दीड वर्ष संसार केलेली बायकोही नाही. बोलिंग म्हटलं की लोक त्याला विचारत, मग बॅटिंग कोण करतं? तो शांतपणे सांगे, की चकचकीत लाकडी लेनवरून सात किलोचा बॉल सोडून साठ फुटांवरच्या दहा पिना पाडायच्या, एवढंच असतं ते, बॅटिंग नशीब करतं.

हे सगळं तिला आठवलं ते जवळजवळ वर्षभराने, एका बुधवारी सकाळी अकरा वाजता, सिनेमागृहात. तो खेळ तान्ह्या मुलांच्या आयांसाठी असतो. दिवे अर्धेच घालवतात, आवाज बेताचा ठेवतात, भिंतीलगत बाबागाड्यांची रांग लागते आणि पडद्यावर काहीही चाललेलं असलं तरी कुठे ना कुठे एक मूल रडत असतं. ती आठ महिन्यांच्या मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. सिनेमा अगदी गावठी विनोदाचा होता: उतरणीला लागलेले चार बोलिंगवाले, एकाचं पोट सुटलेलं, एकाची पॅन्ट सुटणारी, एक ढेकरांनी गाणी म्हणणारा, एक बायकोला घाबरून हॉलच्या शौचालयात राहणारा. आणि त्यांचा हॉल बंद पडायच्या आत त्यांना एकदा, फक्त एकदा, मोठी स्पर्धा जिंकून तोंड वर करून चालायचं असतं. “आमच्यावरच काढलाय,” दादा फोनवर म्हणाला होता, “फक्त आमच्यापेक्षा जरा हुशार दाखवलेत.” नटांना बॉल धरायला शिकवायचं काम त्याला मिळालं होतं, आणि जिथे खरंच बॉल टाकायचा तिथे हिरोचा पिवळा शर्ट घालून तोच उभा राहायचा. “माझी पाठ आहे त्यात. ओळखलीस तर मानलं तुला.” तर ती पाठ बघायला गेली होती, आणि सिनेमात गुंतून पाठ विसरली होती. हिरोच्या पुनरागमनाचा क्षण आला, वाद्यं चढत गेली, पिवळा शर्ट चार पावलं चालला, हात मागे गेला आणि बॉल हातातून निसटून मागच्या मागे पडला. घरंगळत गेला तो ढेकरवाल्याच्या पायावर. ढेकरवाला बोंबलला, पॅन्टवाल्याची पॅन्ट सुटली. पिवळ्या शर्टाने अर्धवट वळून आपला हात डोळ्यांसमोर धरला, आपल्या टेबलावर न विचारता येऊन बसलेल्या परक्या माणसाकडे बघावं तसं त्याच्याकडे बघितलं, आणि मग कमरेत वाकून प्रेक्षकांना नमस्कार केला. अख्खं थिएटर हसून फुटलं. तीही फुटली. बाळंतपणानंतर इतकं पोटातून ती हसलीच नव्हती. हसता हसता दूध पाझरलं, ब्लाउज ओला झाला, मांडीवरची मुलगी दचकून रडायला लागली. तिला छातीशी धरून थोपटताना, तोंडावर हसू तसंच असताना, तिच्या लक्षात आलं, की त्या पिवळ्या शर्टाचा डावा खांदा दादासारखाच जरा खाली होता.

मग ती पुढचा सिनेमा बघतच राहिली, पण तिला काही दिसलं नाही. दादाला पडायची सवयच होती. तिच्या लहानपणी तो जेवता जेवता घास अडकल्यासारखा डोळे फिरवी, जिन्याच्या शेवटच्या दोन पायऱ्यांवरून गडगडत येई आणि मेल्यासारखा पडून राही. आई स्वयंपाकघरातून न बघताच ओरडे, “मेला असशील तर चादर अंगावर घे, सर्दी होईल!” ती मात्र सहा वर्षांची, त्याच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, दर वेळी धावत जाई, दर वेळी रडे, आणि तो एक डोळा उघडून म्हणे, “फसली!” लांडगा आला रे आला, हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही; तिच्या घरात लांडगा रोज संध्याकाळी यायचा. पण त्या खोट्या पडण्यात एक गोष्ट नेमाने असायची. पडण्याआधी, अगदी निमिषभर, तो तिच्याकडे बघायचा. ती बघतेय ना, एवढी खात्री करून घ्यायचा. सिनेमात त्याने कुणाकडेच बघितलं नव्हतं. हाताकडे बघितलं होतं, आणि तेही पडून झाल्यावर. पण सिनेमात ती समोर नव्हती, मग बघणार कुणाकडे? आणि नटाला कॅमेऱ्याकडे बघायची बंदी असते म्हणे. म्हणजे त्यातून काहीच सिद्ध होत नव्हतं. घरी परतताना बाबागाडीचं एक चाक कुरकुरत होतं आणि ती चालता चालता स्वतःचाच उजवा हात पुढे धरून बघत होती, पुन्हा पुन्हा. तेवढ्यात सिग्नल हिरवा झालेला तिला कळला नाही आणि मागचा माणूस म्हणाला, “ताई, हात दाखवताय की थांबवताय?”

“तू आता त्यालाही आजारी करणार,” नवरा म्हणाला. तो वाईट माणूस नाही. तो मुलीच्या बाटल्या उकळत होता आणि चिमट्याने एकेक बूच बाहेर काढत होता. “अगं, विनोदी सिनेमाय. बॉल पडला म्हणून लोक हसले. नाही पडला असता तर दादा कशाला हवा होता त्यांना?” त्याच्या म्हणण्यात तथ्य होतं, हीच पंचाईत होती. आठ महिन्यांत ती मुलीला अकरा वेळा डॉक्टरकडे घेऊन गेली होती. श्वास जोरात वाटला म्हणून, हळू वाटला म्हणून, डावा कान उजव्यापेक्षा गरम लागला म्हणून. अकराही वेळा काही निघालं नाही. शेवटच्या वेळी मुलांच्या डॉक्टरीणबाई चष्मा काढून म्हणाल्या होत्या, “आई, बाळ छान आहे. तुम्ही थोडं कमी बघत जा.” तेव्हापासून तिचा स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा उरला नव्हता. मुलगी झोपली की ती मोजून दहा मिनिटं पाळण्याकडे पाठ करून बसे, औषधासारखी. आणि जिथे खरंच बघायला हवं होतं, तिथे तिने सातव्या महिन्यात एक फर्मास वाक्य टाकून बाथरूम गाठलं होतं. की तिथेही बघण्यासारखं काही नव्हतंच? ज्याला सगळीकडे धूर दिसतो त्याला आग लागलेली कशी कळावी, असा प्रश्न तिला पडला आणि बराच वेळ पडून राहिला.

तिने दादाला फोन केला. मागे पिना पडल्याचा आवाज येत होता, त्यामुळे तो हॉलमध्येच आहे हे कळलं. “ओळखलीस? खांद्यावरून ना? सगळे म्हणतात खांद्यावरून.” तिने विचारलं, “दादा, तो बॉल खरंच पडला का रे?” “मुद्दाम टाकला. कागदावर लिहिलं होतं, हिरो दहाच्या दहा पिना पाडतो. म्हटलं, त्यात काय मजा? टाकला मागे. दिग्दर्शक खुर्चीवरून पडला हसून, शपथ! म्हणाला हेच ठेवा. आणि ऐक ना, इथले मालक म्हणाले, दर रविवारी दुपारी तो बॉल तसाच टाकून दाखवायचा. लोक येतायत गं! मी आयुष्यभर बॉल सरळ टाकला तर काळं कुत्रं बघायला येत नव्हतं.” त्याच्या आवाजात इतका आनंद होता, की तिला पुढे काही विचारवलं नाही. सव्वीस वर्षांचा असताना तो अंतिम फेरीत हरला होता. शेवटच्या फेकीत एकच पिन उरली होती, शिकाऊ माणूसही पाडेल अशी, आणि बॉल तिला वारा घालून गेला होता. ती तेव्हा चौदा वर्षांची होती, कठड्याला टेकून उभी. तिला वाटलं, दादा गंमत करतोय, आता वळून ‘फसली’ म्हणेल. ती टाळ्या वाजवायला लागली होती. सगळ्या हॉलमध्ये एकटी. त्या टाळ्यांबद्दल तो आजवर एक अक्षर बोलला नाही. त्यानंतर वीस वर्षं त्याने भाड्याच्या बुटांवर फवारा मारला, लेनला तेल लावलं, आणि आता कुठे लोक त्याला बघायला येत होते. खरा असो, खोटा असो, त्या पडण्यानेच त्याला उभं केलं होतं. ते काढून घ्यायचं तर तिच्या हातात पुरावा काय होता? एक नजर. तीही पाठमोऱ्या माणसाची.

पुढच्या बुधवारी ती पुन्हा गेली. नवऱ्याला सांगितलं, मुलीला तिथे झोप चांगली लागते. या वेळी ती पडण्याच्या प्रसंगाची वाट बघत बसली आणि तो आला तेव्हा तिला काहीच कळलं नाही. पाच वेळा ऐकलेल्या शब्दासारखं झालं होतं ते, नुसता आवाज उरलेला. पण त्यानंतर दहाएक मिनिटांनी आणखी एक घाणेरडा विनोद होता, जो मागच्या वेळी तिच्या डोक्यावरून गेला होता. हिरो बॉल उचलतो, अंगठ्याच्या भोकाला नाक लावून वास घेतो आणि बेशुद्ध पडतो. कॅमेरा त्या भोकाच्या अगदी जवळ जातो. बॉल गडद निळा होता. तो दादाचा होता. बाविसाव्या वर्षी त्याच्या हाताच्या मापाने भोकं पाडून घेतलेला, ज्याला तो कुणाला हात लावू देत नसे. आणि भोकाच्या आतल्या कडेला पांढऱ्या पट्ट्या होत्या. एकावर एक, वहीच्या पानांसारख्या. बॉल अंगठ्यावर घट्ट बसला पाहिजे, सैल पडला तर मागेच निसटतो. म्हणून खेळणारे आत चिकटपट्टीचे तुकडे लावतात. उन्हाळ्यात अंगठा फुगतो, एक पट्टी पुरते. थंडीत आकसतो, मग दोन. हे तिला माहीत होतं, कारण त्या पट्ट्या कापायचं काम लहानपणी तिचं होतं. नखं कापायच्या कात्रीने, वरचे कोपरे गोल करून, नाहीतर कातडी सोलते. डावाच्या मधे दादा न बघता हात मागे करी आणि म्हणे, “एक दे.” ती बोटावर चिकटवून तयार ठेवलेला तुकडा त्याला देई. तेवढ्या वेळापुरतं तिला वाटे, की खरा खेळ तीच खेळतेय. दोनपेक्षा जास्त कधी लागल्या नव्हत्या. कधीच. तिने पडद्यावर मोजल्या. सहा. मुलीच्या पाठीवर तिचा हात होता आणि ती तिथेही बोटांनी मोजत होती. अंगठा सहा पट्ट्यांएवढा बारीक होतो तेव्हा नुसता अंगठा होत नसतो बारीक. की सिनेमावाल्यांनीच लावल्या असतील, वास घ्यायच्या विनोदाला जास्त किळसवाणं दिसावं म्हणून? पण पट्ट्यांचे वरचे कोपरे गोल होते.

रविवारी दुपारी ती मुलीला घेऊन हॉलमध्ये गेली. तेलाचा, बुटांच्या फवाऱ्याचा आणि माणसांच्या मोज्यांचा तोच वास, दर काही क्षणांनी तोच कडकडाट. मुलगी दर कडकडाटाला डोळे मिचकावत होती. गर्दी चांगलीच होती. दादा पिवळ्या शर्टात आला. तिला बघून लांबूनच त्याने भुवया उडवल्या. मग चार पावलं, हात मागे, बॉल धप्प. लोक ओरडले, शिट्ट्या आल्या. त्याने हात डोळ्यांसमोर धरला, बघितला, नमस्कार केला. पाठोपाठ “पुन्हा! पुन्हा!” झालं आणि त्याने पुन्हा केलं. या वेळी बॉल जरा लवकर पडला, दुसऱ्या पावलालाच. लोक आणखी हसले. त्याने हाताकडे बघायचं विसरून तिच्याकडे बघितलं. हे मुद्दामचं बघणं होतं की नव्हतं, पडण्याआधीचं होतं की नंतरचं, तिला सांगता येईना. मशीनवाले काका मागच्या दारातून डोकावून उभे होते, आणि एवढ्या सगळ्यांत तेवढे हसत नव्हते. पण त्यांना धड ऐकूच येत नव्हतं, त्याला काय म्हणायचं?

“काय मग, हिरॉइन!” दादा तिच्याजवळ येऊन बसला. कपाळावर घाम होता. “बघितलंस? बॅटिंग नशीब करतंय सध्या.”

“दादा, पट्ट्या किती लावतोस रे हल्ली?”

“दोन. किती लावणार? थंडी आहे.” इतकं पटकन बोलला तो, की प्रश्न त्याच्याकडे आधीच पोचला असावा. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून म्हणाला, “तू सुरू नको होऊस हं. डॉक्टरांचा पत्ता वगैरे आणला असशील तर तुझ्या नवऱ्याला दे, त्याचे केस गळतायत.”

तिच्या पर्समध्ये पत्ता होता. ती हसली. तोही हसला. आणि मग त्याने दोन्ही हात पुढे केले. “आण इकडे ठमाबाईला. मामाकडे यायचं ना? ये गं, ये.” मुलीने त्याच्याकडे झेप घेतली. तिला तो आवडायचा, त्याचं नाक ओढायला मिळायचं म्हणून. ते दोन हात तिच्यासमोर होते. उजव्याच्या अंगठ्याखालचा उंचवटा, जिथे एरवी मांस असतं, तिथे खळगा होता. की उजेड तसा पडला होता? खाली लेनकाठची फरशी होती. मुलीचं वजन साडेआठ किलो. बॉलपेक्षा दीड किलो जास्त, एवढा एकच हिशेब तिच्या डोक्यात स्वच्छ होता, बाकी सगळं धुरकट.

“सर्दी झालीये तिला,” ती म्हणाली. “तुला लागेल उगीच.”

दादाचे हात तसेच राहिले, थोडा वेळ. मुलगी त्याच्याकडे झेपावत होती आणि ती तिला दंडाखाली दाबून धरत होती, सर्दीचा मागमूस नसलेल्या, हसणाऱ्या मुलीला. मग त्याने हात मागे घेतले आणि पॅन्टच्या खिशात घातले. उजवा खिसा त्याला दोनदा शोधावा लागला. “बरोबर आहे,” तो म्हणाला. “मला सर्दी परवडायची नाही. आता शो असतात माझे.” आणि मुलीकडे बघून एक डोळा मिटला. “फसली,” असं तो म्हणाला की तिला नुसता तसा भास झाला, हे ती आजही सांगू शकत नाही. नेमकी तेव्हाच शेजारच्या लेनवर कुणीतरी सगळ्या पिना पाडल्या.

त्याला पंधरा दिवस झाले. सिनेमा चालला, नको इतका चालला. सिनेमावाल्यांनी दादाला सोबत घेतलंय. तो आता गावोगावी फिरतो, जिथे जिथे बोलिंगचा हॉल आहे तिथे तिथे पिवळा शर्ट घालून बॉल मागे टाकून दाखवतो. तीन महिन्यांचा दौरा आहे. फोन तो घेत नाही, निरोप पाठवतो. ‘मस्त’, ‘धमाल’, ‘इथे दोन हजार माणसं’, आणि पुढे हसरी तोंडं. पूर्वी तो लांबलचक लिहायचा. आता एका शब्दावर आलाय. बोटं थकत असतील, असं तिला वाटतं. वेळ नसेल, असं नवऱ्याला वाटतं. तिने डॉक्टरांचं नाव पाठवलं, त्यावर हसरं तोंड आलं. तिने ‘मी चुकले, तेव्हा सर्दी नव्हती’ असं लिहिलं, तीनदा खोडलं, चौथ्यांदा पाठवलं. त्यावर काहीच आलं नाही. ती त्याच्यामागे गावोगाव जाऊ शकत नाही, मुलीला आता खरंच सर्दी झालीये. आणि समजा गेली, तरी त्याच्याकडे बघून तिला काय कळणार? तिला एक तर सगळंच दिसतं, नाही तर काहीच नाही.

म्हणून तिचं तुमच्याकडे मागणं आहे, तुमच्याकडेच, कारण तुम्ही त्याचे कुणी लागत नाही आणि तुमच्यासमोर त्याला काही लपवायचं नाही. तो तुमच्याही गावात येईल. जा तुम्ही. बॉल पडला की हसा, खुशाल हसा, त्याला ते लागतं. पण खेळ संपल्यावर गर्दी पांगेपर्यंत थांबा, पुढे व्हा, झकास झालं म्हणा, आणि हात मिळवायला तुमचा हात पुढे करा. तो डावा देऊ करेल. तुम्ही उजवाच मागा. घाईने सोडू नका. तो तुमचा हात दाबतो का बघा, जोर लागतो का, की नुसता ठेवल्यासारखा ठेवतो. तेवढं तिला कळवा. आणि दाबला असेल, घट्ट दाबला असेल, तर तेही कळवा. आधी ते कळवा.